तिसरा आग्रह

आमच्या चश्मेसारमध्ये कुणी उपाशी राहत नाही, असं लोक छातीठोक सांगतात. मोलूकखानमसमोर मात्र सांगू नका.

गाव एवढंसं. वर डोंगरात झरा, झऱ्याचं पाणी खाली येतं त्याच्या दोन्ही काठांना बागा, आणि बागांमध्ये खाणावळी. पाण्यावर लाकडी तख्त टाकायचं, त्यावर गालिचा, पाठीला लोड, मधोमध चहाची किटली, झाली खाणावळ. त्यामुळे माणूस घराबाहेर पडला की कुणी ना कुणी जेवताना दिसतंच, आणि जेवणारा माणूस जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय घास उचलत नाही. "या, बसा, चार घास खा." जाणारा म्हणतो, "नको नको, तुमचं चालू द्या." पहिल्यांदा बोलावतात ती सवय. दुसऱ्यांदा बोलावतात ती रीत. तिसऱ्यांदा बोलावलं तर समजायचं की ह्याच्या खरंच मनात आहे, आणि मग चपला काढायच्या. बाकी सगळं तोंडदेखलं.

मोलूकचा नवरा हेशमत आगा ह्या बाबतीत गावाचा राजा. त्यानं जन्मभर गाव ते शहर मिनीबस चालवली. भाडं घेताना "असू द्या हो, तुम्ही आमचे पाहुणे" असं तोंडानं म्हणायचा आणि हात मात्र पुढे ठेवायचा. लोकांना त्याचं तेच आवडायचं.

गेल्या पानगळीपासून त्याचं डोकं रिकामं व्हायला लागलं. आधी रस्ते गेले, मग नावं गेली, मग माणसं. एके सकाळी त्यानं मोलूककडे बघून विचारलं, "खानम, आपण कुणाकडच्या?" तिला वाटलं थट्टा करतोय. ती हसली, त्याला चहा दिला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली, कारण तो थट्टा करत नव्हता. पण सगळं गेलं तरी त्याचे रीतिरिवाज काही गेले नाहीत. दारात कुणी आलं की हेशमत उठून उभा राहणार, छातीवर हात ठेवणार, "तुमची सावली आमच्यावर अशीच राहो, घरचे सगळे बरे ना?" हा प्रश्न कुणालाही चालतो. समोरचा खूश होऊन जायचा. समोरचा कोण होता ते हेशमतला ना आधी ठाऊक असायचं ना नंतर.

मोलूकनं हे कुणाला कळू दिलं नाही. का म्हणाल, तर फरंगीस. एकुलती एक मुलगी, आणि तिची सोयरीक बद्रीखानमच्या मुलाशी ठरलेली. चांगलं घर, सुक्या मेव्याचं दुकान. उन्हाळ्यात लग्न. असले आजार रक्तातून उतरतात अशी गावात समजूत, आणि बद्रीखानम तर पिस्तासुद्धा फोडून, आतलं बघून घेणारी बाई. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. उन्हाळ्यापर्यंत ती उघडायची नाही, असं मायलेकींनी ठरवलं होतं.

आणि मग आला नवरोजचा तेरावा दिवस.

ह्या दिवशी घरात राहणं अशुभ. सारं गाव भांडी-गालिचे उचलून बागांत जातं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहतं. मोलूकनं मात्र गुडघेदुखीचं निमित्त काढलं. फरंगीस होणाऱ्या सासरच्यांबरोबर गेली. वाग्दत्त मुलीनं तसंच करायचं असतं. सकाळी मोलूकनं नेहमीसारखं हेशमतला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन दिलं, त्याच्यापुढे सुफ्रा, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरला, रोटी, चीज, अक्रोड मांडले आणि दूध उतरवायला आत गेली. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, पोरांचा गलका. ती परत आली तेव्हा रोटीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता, दार सताड उघडं होतं आणि कोनाड्यातले त्याचे बूट गेले होते.

डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं: इंजेक्शन दिलं की खायला हवंच. नाही खाल्लं तर घाम फुटेल, पाय लटपटतील, जीभ जड होईल, मग माणूस पडेल, आणि वेळेवर तोंडात काही गोड गेलं नाही तर उठणार नाही. पुन्हा पुन्हा विचारून तिनं हे पाठ केलं होतं.

तिनं फरंगीसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या कुणाला लावणार? आणि काय सांगणार? नवरा हरवला? लहान पोर हरवतं, गाढव हरवतं. धडधाकट माणूस आपल्याच गावात कसा हरवतो, हे सांगायचं म्हणजे मूठ उघडली. तिनं ओंजळभर खजूर चादरीच्या टोकाला बांधले, ती डोक्यावर ओढली आणि निघाली.

पहिल्यांदा सफदरची खाणावळ. सफदर हेशमतचा जुना मित्र, त्याच्या शेगडीवर कबाबांचा धूर चाललेला.

"या वहिनी, या! गुडघा दुखतोय म्हणाली ना माझी बायको? गुडघ्याला बागेची आठवण आली वाटतं."

"आगा आले होते का इकडे?"

"आले होते की. त्या तख्तावर बसले. काय बोलणं त्यांचं! माझ्या नवीन नोकराला 'आपली सावली राहो' म्हणाले, तो बिचारा लाजून पळाला. चहा घेतला."

"साखर घेतली चहाबरोबर?"

"छे. खडा पुढे केला तर म्हणाले, घरी बाई रागावतात." सफदर हसला. "काय धाक ठेवलाय वहिनी."

मोलूकनंच शिकवलं होतं ते. चहा पिताना तो दातांत धरायचा ते साखरेचे खडे दोन वर्षं काढून घेतले होते तिनं, भांडून, रुसून. बायको कोण हे विसरला, पण साखर नको हे नाही विसरला.

"आणि कबाब? जेवले का काही?"

"मी म्हटलं, दोन सळया घ्या. नको म्हणाले. पुन्हा म्हटलं. पुन्हा नको म्हणाले, घरी कुणी वाट बघतंय म्हणाले आणि उठले."

"तिसऱ्यांदा नाही विचारलंत?"

सफदर सळया फिरवता फिरवता थांबला. विचित्रच प्रश्न होता. "वहिनी, गिऱ्हाइकांची गर्दी होती. काही झालंय का?"

आता सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण शेजारच्या तख्तावर बद्रीखानमची जाऊ बसली होती, कान टवकारून. "काही नाही," मोलूक म्हणाली. "दुधाला सांगितलं होतं, विसरले. कुठल्या बाजूला गेले?"

"वर, चिनारबागेकडे. थांबा, बसा की, चहा तरी घ्या."

"नको, आभारी आहे, तुमचा हात दुखू नये."

"असं कसं, बसा हो."

"पुन्हा येईन," म्हणत ती सुटली.

चिनारबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. झाडागणिक एक गालिचा, गालिच्यागणिक आश ह्या घट्ट सूपचं एक पातेलं. आणि गावात सगळे ओळखीचे, हाच शाप. "मोलूकखानम, या!" "मोलूक, अगं इकडे ये, सेकंजबीन घे!" पुदिना आणि शिरका घातलेलं ते गोड सरबत, त्यात सॅलडची पानं बुडवून खायची, प्रत्येक गालिच्यावर त्याचा वाडगा. प्रत्येक गालिच्यापाशी थांबायचं, छातीवर हात ठेवायचा, घरच्यांची विचारपूस करायची, दोनदा नाही म्हणायचं आणि मगच हळूच, जाता जाता, आगा दिसले का, हे विचारायचं. धावत सुटता येत नव्हतं. धावणाऱ्या बाईला लोक आधी कारण विचारतात. तिला वाटलं, हे सगळे मिळून आपला गळा दाबताहेत, हसत हसत, आणि हातात सरबताचे पेले घेऊन.

सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. सगळ्यांनी त्याला बोलावलं होतं. सगळ्यांना तो नको म्हणाला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं. अख्खं गाव ताटं वाढून बसलं होतं आणि हा माणूस रीत पाळत पाळत उपाशी चालला होता.

बागेच्या टोकाला तूबाखानम भेटली. गावातली कुठलीही बातमी आधी हिच्या चुलीवर शिजते. तिनं मोलूकला बाजूला ओढलं आणि आवाज खाली घेतला.

"वाईट मानू नकोस हो, पण आगांना जरा सांभाळ. घाम घाम झालेला, पाय इकडे पडतोय का तिकडे. जीभ अशी जड. सणासुदीला पुरुष घेतात थोडी, मी समजू शकते. पण भर बागेत, तेही मुलीच्या सासरच्यांसमोर..."

घाम. पाय. जीभ. मोलूकनं बोटांवर मोजल्यासारखं एकेक ऐकलं. दारू प्यायला म्हणे! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात थेंब चाखला नाही. तिला तूबाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी, तिला पुढे कितीतरी दिवस ज्याची लाज वाटत राहिली असं एक तिच्या मनात येऊन गेलं: दारुडा म्हणाले तर म्हणोत, दारू रक्तातून उतरत नाही.

"कुठे गेले?"

"सांगितलं ना, बद्रीखानमच्या सफरचंदाच्या बागेत शिरले. झालं असेल हसं आतापर्यंत."

मोलूक धावली. आता कुणी काही म्हणो.

बद्रीखानमची बाग म्हणजे फुलांनी पांढरी झालेली झाडं, खाली तीन मोठे गालिचे जोडलेले, मधोमध बद्रीखानम, आणि तिच्या शेजारी फरंगीस, मान खाली, बोटांत गवताची पाती. लग्न सुखाचं व्हावं म्हणून मुली ह्या दिवशी गवताला गाठ मारतात. तिची गाठ अर्धीच राहिली होती.

"या या विहीणबाई," बद्रीखानम उठली. आज तिचा चेहरा लोण्यासारखा मऊ होता. "आत्ताच आगा येऊन गेले. मी म्हणते, माणसाचं मन असावं तर असं. फरंगीसनं चहा पुढे केला, तर मला काय म्हणाले? 'खानम, तुमची मुलगी फार गोड आहे, देव तिला तुमच्यापाशी सुखी ठेवो.' तुमची मुलगी! स्वतःच्या पोटच्या पोरीला माझी म्हणाले. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. लग्नाआधीच मुलगी देऊन टाकली बघा."

गालिच्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. मोलूकनं फरंगीसकडे बघितलं. फरंगीसनं वर बघितलंच नाही. तिला कळलं होतं. बापानं आपल्याला ओळखलं नाही हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, त्याचा घाम दिसला होता, आणि ती गप्प बसली होती. फोन तिच्या मांडीखाली होता.

"काही खाल्लं त्यांनी?" मोलूकनं विचारलं.

"कुठलं! किती आग्रह केला."

"किती?"

"अहो, किती म्हणजे? करतात तेवढा."

आणि मोलूकच्यानं पुढे राहवेना. "विहीणबाई, त्यांनी मुलगी दिली नाही. त्यांनी तिला ओळखलंच नाही. ते कुणालाच ओळखत नाहीत, मलासुद्धा नाही. पानगळीपासून. सकाळी इंजेक्शन घेतलंय आणि पोटात कण नाही. सावली राहो, सावली राहो म्हणत म्हणत मरतील ते कुठल्यातरी झाडाखाली, आणि तुम्ही सगळे म्हणाल, किती सज्जन माणूस. उठा. कुणीतरी उठा आणि धरा त्यांना. जिथे दिसतील तिथे धरा आणि सोडू नका."

मग बद्रीखानमचा मुलगा उठला, त्याचे मित्र उठले, पोरं झऱ्याच्या दिशेनं पळाली, ओरडत. फरंगीस अनवाणीच धावली.

बद्रीखानम तशीच उभी होती. "आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं. रागावून नाही, थंडपणानं.

"सांगितलं असतं तर आज तिला शेजारी बसवलं असतंत?"

मोलूक उत्तराला थांबली नाही.

तो सापडला वर, झऱ्याच्या तोंडाशी, शेवटच्या खाणावळीच्या दारात. सापडला म्हणजे काय, पकडला होता. मोलूकनं सांगितलं होतं ना धरा म्हणून; दोन दांडग्या पोरांनी त्याचे हात मागे पिरगळून धरले होते, तिसरा त्याच्या तोंडाशी सरबताचा पेला दाबत होता. हेशमतनं दात आवळलेले, सरबत हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलेलं, टोपी पायाखाली. भोवती अर्धं गाव. आणि तो आवळलेल्या दातांतूनच, तोतरा, सगळ्यांना सांगत होता, "आपण फार... फार कष्ट घेताय... मी आपल्याला त्रास देतोय... जाऊ द्या, घरी वाट बघताहेत..."

जन्मभर ज्यानं कुणाला अरेतुरे केलं नाही, त्याला त्यांनी खाटकाच्या बोकडासारखा धरला होता. आणि हे तिच्याच शब्दानं झालं होतं.

"सोडा त्यांना," मोलूक म्हणाली.

"मावशी, तुम्हीच तर सांगितलंत..."

"सोडा म्हणते ना."

त्यांनी सोडलं. हेशमत डगमगला, तख्ताच्या कडेवर बसला. चेहरा पिठासारखा पांढरा. मोलूकनं पेला हातात घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिली, अंतर राखून, परक्या पुरुषासमोर बाई राहते तशी. फरंगीस मागे येऊन थांबली होती, धापा टाकत.

"आगा, सरबत घ्या."

त्यानं थरथरता हात छातीवर नेला. "आपली कृपा. नको."

"थोडंसं. आमचा मान ठेवा."

"आपल्याला कशाला... साखर चालत नाही. घरी... घरी बाई रागावतात."

इथंच सगळे थांबले होते सकाळपासून. मोलूकनं गुडघे टेकले.

"बाईंना मी सांगते. माझ्या मेलेल्या आईची शपथ आहे तुम्हाला. घ्या."

त्यानं तिच्याकडे बघितलं. डोक्यात कुठेतरी जुनं, घट्ट बसलेलं काहीतरी जागेवर आलं. "आता इतकं म्हणताय तर," तो म्हणाला आणि पेला तोंडाला लावला. ती पेला धरून राहिली. मग एकेक खजूर. प्रत्येक खजुराला तीनदा.

हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. गर्दी पांगली. जाताना बद्रीखानम जवळ आली, चादर सावरून म्हणाली, "काळजी घ्या विहीणबाई. येऊ आम्ही घरी, भेटायला."

एवढंच म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही. मोलूकला कळलं, फरंगीसलाही कळलं. चश्मेसारमध्ये तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. एकदाच येतो म्हणतात.

मायलेकी त्याला घरी घेऊन आल्या. म्हणजे त्याला बोलवावं लागलं: आमचं घर जवळच आहे, चहा घेऊन जा. नको. दोन मिनिटं. नको, त्रास. आमच्या जिवाची शपथ. मग तो आला, स्वतःच्या दारात बूट काढले, भिंतीकडेनं नीट लावून ठेवले आणि दाराजवळ, पाहुण्यानं बसायचं तिथं, गुडघे जुळवून बसला. लोडाशी बसा म्हटलं तर म्हणाला, इथंच बरं आहे. सकाळचा सुफ्रा तसाच अंथरलेला होता, रोटी वाळून गेली होती. मोलूकनं ती दुधात कुस्करून त्याला दिली. तो खाली मान घालून खात होता, आणि घराची वाखाणणी करत होता.

फरंगीसनं चहा आणला. तिच्या बोटाला गवताची हिरवी रेघ अजून होती.

"फार गोड मुलगी आहे तुमची," हेशमत मोलूकला म्हणाला.

चहा संपला. त्यानं पेला उपडा केला, हात छातीवर ठेवला आणि उठला. "निघतो आता. फार त्रास दिला. घरी बायको वाट बघत असेल, ती माझ्याशिवाय जेवत नाही."

"थांबा ना थोडं," मोलूक म्हणाली.

"नको नको."

"जेवून जा. स्वयंपाक होईलच आता."

"पुन्हा कधीतरी. देव आपल्याला बरकत देवो."

तो बुटांकडे वाकला. तिसऱ्यांदा म्हणायचं होतं. सकाळपासून मोलूक गावभर रीत पाळत फिरली होती, आता एक शब्द उरला नव्हता. उद्या सकाळी हा पुन्हा उठेल, पुन्हा निघेल. परवाही. रोज तीनदा थांबवायचं, ह्याच घरात, ह्याच माणसाला. तिला वाटलं, जाऊ दे. एकदा जाऊ दे. आणि असं वाटल्याबरोबर ती भिंतीला धरून खाली बसली.

हेशमतनं एक बूट घातला.

"आगा," फरंगीस म्हणाली. बागेत गप्प बसलेली फरंगीस. तिनं बाबा म्हटलं नाही. ती दारात आडवी उभी राहिली आणि तिनं, परकी मुलगी वडीलधाऱ्याला म्हणते तसं, मान लववली. "तुम्हाला माझी शपथ आहे. आज आमच्याकडे राहा."

तो तिच्याकडे बघत राहिला, एका पायात बूट, एक पाय उघडा.

"आता मुलीचा शब्द कसा मोडायचा," तो म्हणाला, बूट काढला आणि दाराजवळ बसला.